टेपआत्याचे दोन इंच

टेपआत्याला सिनेमातलं काही कळत नाही, असं तिची वहिनी सगळ्यांना सांगते. ते अगदीच खोटं नाही. पडद्यावरचा नट काय बोलतोय हे आत्या ऐकतच नाही. त्याचा कोट खांद्यावर कुठे ओढला जातोय ते बघत बसते. नायिका रडत रडत नदीकडे धावत सुटली की सगळं थिएटर डोळे पुसतं, आणि आत्या शेजारणीच्या कानाशी लागून म्हणते, "काखेत उसवलंय बघ." अशा बाईबरोबर सिनेमाला जायला आता घरातलं कोणी तयार होत नाही.

आत्या म्हणजे खरं तर वहिनीच्या मुलीची आत्या. मुलगी लहान असताना शाळा सुटली की थेट स्टुडिओच्या कपडेपटात यायची आणि कापायच्या टेबलाखाली बसून "आत्या, आत्या" करत जीव खायची. तिचं ऐकून सगळा कपडेपट आत्या म्हणायला लागला, मग नट म्हणायला लागले, आणि शेवटी आत्याहून आठ वर्षांनी मोठे असलेले दिग्दर्शकही. गळ्यात सदैव पिवळी टेप, म्हणून टेपआत्या. लग्न केलं नाही. दोन स्थळं आली होती, पण एकाचा डावा खांदा उतरलेला होता आणि दुसरा पोट आत ओढून चालायचा. "रोज उठून तेच बघायचं?" असं म्हणून तिने दोघांनाही नकार कळवला. भाऊ गेल्यावर नणंद-भावजय एकाच घरात उरल्या, आणि कामालाही एकाच टेबलावर. आत्या माप घेणार, वहिनी लिहिणार. गेली अडतीस वर्षं हेच चाललंय. एवढा संसार नवरा-बायकोचाही टिकत नाही.

कपडेपट म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबच लांब खोली. एका भिंतीला सहा मशिनं, दुसऱ्या भिंतीला मुंडकी नसलेले पुतळे, मध्ये इस्त्रीने जागोजाग करपलेलं टेबल. कोपऱ्यात तिन्ही बाजूंनी माणूस दाखवणारा उंच आरसा. त्या आरशासमोर भलेभले नट येऊन उभे राहतात आणि श्वास रोखून धरतात. आत्या शांतपणे थांबते. माणूस किती वेळ श्वास रोखणार? सुटला की ती टेप आवळते.

आता या कपडेपटाचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. आकडा मोठ्याने म्हणायचा तो खोटा. कंबर असेल त्याहून दोन इंच कमी म्हणायची, पुरुषाची छाती दोन इंच जास्त. लिहिणारीने मुकाट्याने खरा आकडा धरून लिहायचं. हा रिवाज जुन्या कापणाऱ्या मास्तरांनी घालून दिला. एकदा एक मोठी नटी आपला आकडा ऐकून आरशासमोरच मटकन खाली बसली होती आणि तीन दिवस चित्रीकरण अडलं होतं. तेव्हापासून मास्तरांनी ठरवलं की आकडा कलाकाराला गोड लागावा आणि कपडा अंगाला नीट बसावा. यात कुणाचं काय बिघडतंय? नट खूश, कपडा झकास. आत्याने इतकी वर्षं न अडखळता खोटं सांगितलं आणि वहिनीने मान वर न करता खरं लिहिलं.

बावीस वर्षांपूर्वी इथे एक मोठा सिनेमा शिवला गेला. आत्याच्या भाषेत सिनेमे काढत नाहीत, शिवतात. शंभर वर्षांपूर्वीच्या काळातली प्रेमकथा, एका गाजलेल्या कादंबरीवरून घेतलेली. कादंबरी वहिनीला जवळजवळ पाठ होती. आत्याने त्यातली तेवढीच पानं वाचली ज्यांत कपड्यांचं वर्णन होतं; ती एकूण साडेचार निघाली. नायक आणि नायिका दोघं नवखी होती. कपडेपटाने पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं. तो देखणा, आणि एकवीस वर्षांची, चहाच्या कपालाही नमस्कार करील अशी भिडस्त मुलगी, ती धाकटी. तिच्यासाठी राखाडी रंगाचा, पाठीला बावीस हुकांचा लांब झगा शिवला. धाकटीची कंबर अठ्ठावीस भरली. "सव्वीस!" आत्या म्हणाली. धाकटी आरशातल्या आरशात लाजून हसली. सिनेमा तुफान चालला.

पुढे काय झालं ते वर्तमानपत्रवाले अभिनयाच्या हिशेबाने सांगतात; आत्या मापवहीवरून सांगते. देखण्याच्या नावावर वहीत अकरा पानं भरलीत. आधी प्रेमात पडणारा, मग एकटा चाळीस जणांना लोळवणारा, मग एकाच सिनेमात बाप आणि मुलगाही तोच. बापाच्या वेळी पोट सुटलं ते मुलाच्या वेळी आत गेलं नाही. हल्ली तो गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसतो आणि गाद्यांची जाहिरात करतो. धाकटीच्या पानावर मात्र एकच ओळ. त्या सिनेमानंतर दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने तिला पुन्हा बोलावलं होतं, तेही याच कपडेपटात. ती नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही. डोक्यात हवा गेली, असं छापून आलं. मग काही वर्षं कुठे दिसली नाही, मग मालिकांमधून कुणाची जाऊ, कुणाची मावशी, आणि चार वर्षांपूर्वी तर चक्क देखण्याची आई! देखणा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे. त्या रात्री आत्या जेवली नाही.

"तुमच्या धाकटीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, वन्सं," वहिनी म्हणायची. वहिनी पहिल्यापासून देखण्याच्या बाजूची.

"तुझा देखणा सदऱ्याची बटणं लावून शिंकून दाखवू दे आधी," आत्या म्हणायची. पण मनातून तीही धाकटीवर रुसली होती. एकदा तरी येऊन भेटायचं!

यंदा तो सिनेमा पुन्हा मोठ्या पडद्यावर लागायचं ठरलं. पहिल्या खेळाला देखणा आणि धाकटी त्याच पोशाखांत रंगमंचावर येणार, अशी टूम निघाली. देखण्याचा जुना कोट आता त्याच्या एका दंडाला झाला असता, त्यामुळे तो नवा शिवायला घेतला. झगा मात्र पेटीत जसाच्या तसा होता. पण धाकटीने निर्मात्यांना फोनवर साफ नाही सांगितलं. निर्मात्यांचा माणूस कपडेपटात येऊन म्हणाला, "हरकत नाही. नवीन एक पोरगी आहे, तिलाच हा झगा घालून उभी करतो. लोकांना लांबून काय कळतंय?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देखणा त्या झग्यातल्या तिसऱ्याच कुणाचा हात धरून उभा राहणार, आणि लोक टाळ्या वाजवणार? तिने स्वतः धाकटीला फोन लावला. अर्धा तास आर्जवं केली, मग रागावली, मग चक्क माझे दिवस किती राहिलेत वगैरे सुरू केलं. आत्याची तब्येत घोड्यासारखी आहे, पण उपयोग झाला. "तुम्हाला भेटायला येते," धाकटी म्हणाली. "झगा घालणार नाही."

ती दुपारी आली. त्रेचाळिशीची, हडकुळी, डोळ्यांखाली खड्डे. चहा घेतला तोही बिनसाखरेचा, आणि बिस्किटाकडे तर तिने असं पाहिलं की वहिनीने बशी उचलूनच नेली.

"घालून तर बघ," आत्या म्हणाली.

"आत्या, नका ना. मला माझं माप माहीत आहे. घरी टेप आहे माझ्याकडे. रोज सकाळी मोजते." ती जमिनीकडे बघून बोलत होती. "अठ्ठावीस. दोन इंच जास्तच. कितीही उपाशी राहा, त्याच्या खाली जातच नाही."

आत्याचा हात गळ्यातल्या टेपवर गेला आणि तिथेच राहिला. वहिनीने पेन खाली ठेवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पण अडतीस वर्षांची सवय, आत्याच्या तोंडून खरं काही बाहेर पडेना. तिला वाटलं, झगा बसला की झालं, सगळं आपोआप सुटेल. तिने धाकटीला जवळजवळ ओढतच पडद्याआड नेलं आणि झगा चढवला. एकेक करत बावीसही हुक लागले. आरशात तीच मुलगी उभी होती, फक्त थकलेली.

आत्या हसली. पण धाकटीचे डोळे भरून आले, आणि ते आनंदाने नव्हते.

"तुम्ही सैल केलात," ती म्हणाली. "मला न सांगता रात्रीत उसवून सैल केलात ना? माझी कीव आली म्हणून?" आणि ती पाठीमागचे हुक स्वतःच ओढून काढायला लागली.

"थांब, फाटेल!" आत्या ओरडली. झगा फाटण्याची भीती तिला अशा वेळीसुद्धा वाटली, याची तिला मागाहून लाज वाटली. तिने धाकटीला झगा उतरवू दिला, तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि झगा उलटा करून टेबलावर पसरला. "इकडे ये. बोट लाव इथे. शिवण उसवून पुढे सरकवली की जुन्या टाक्यांची भोकं राहतात. आणि आत दडलेलं कापड बाहेर आलं की तिथे रंग गडद दिसतो. दिसतोय कुठे? एक तरी भोक आहे?"

धाकटीने शिवणीवरून बोट फिरवलं. भोक नव्हतं. रंग सगळीकडे एकच होता.

"मग बसला कसा?"

आता मात्र पळवाट उरली नाही. आत्याने वहिनीकडे हात केला. वहिनीने मुकाट्याने कपाटातून जुनी वही काढली आणि ते एका ओळीचं पान उघडून धाकटीसमोर ठेवलं. कंबर, अठ्ठावीस.

"तू कधीच सव्वीस नव्हतीस, बाळा," आत्या म्हणाली. "आम्ही सगळ्यांनाच दोन कमी सांगतो. मास्तरांनी शिकवलं तसं. तू लगेच विसरशील असं वाटलं. सगळे विसरतात."

धाकटी स्टुलावर बसली. त्या आकड्यावर बोट ठेवून ती हळूहळू बोलायला लागली. त्या दुसऱ्या सिनेमासाठी दिग्दर्शकांनी बोलावलं तेव्हा ते म्हणाले होते, 'होतीस तश्शीच ये.' तिने बाजारातून टेप आणून मोजलं, तर अठ्ठावीस. दोन महिने ती काकडीवर राहिली. आकडा हलला नाही. मग इथे, या आरशासमोर उभं राहून आत्याच्या तोंडून अठ्ठावीस ऐकायची हिंमत झाली नाही, म्हणून तिने नाही कळवलं. लोकांना वाटलं गर्व झाला. त्यानंतर दोनदा नायिकेचं काम आलं, दोन्ही वेळा तेच झालं. मग बोलावणंच बंद झालं.

आत्या धाकटीसमोर खाली फरशीवरच बसली आणि म्हणाली, "चुकलं माझं." आणि रडायला लागली. वहिनीला नणंदेला रडताना बघायची सवय नव्हती. ती घाईघाईने पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो कुणाला द्यायचा हे न कळून स्वतःच प्यायली.

धाकटी उठली. आरशासमोर जाऊन तिने हात थोडे बाजूला केले. "माप घ्या," ती म्हणाली. "आणि मोठ्याने म्हणा."

आत्याने डोळे पुसले, टेप लावली. धाकटीने श्वास रोखला नव्हता. आत्याने घसा दोनदा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत खरा आकडा मोठ्याने म्हटला.

"अठ्ठावीस!"

वहिनीने मान वर न करता लिहिलं, तीस.

धाकटीने वाकून वहीत पाहिलं आणि तिला हसू फुटलं. आधी नुसतं खुदकन, मग टेबल धरून पोट दुखेपर्यंत. वहिनी ओशाळली, आत्या वहिनीवर खेकसली, आणि धाकटीने पेन काढून घेऊन तीस खोडलं आणि स्वतःच्या हाताने अठ्ठावीस लिहिलं. मग वहिनीने उचलून नेलेली बिस्किटं तिने परत मागवली आणि उभ्या उभ्या चार खाल्ली.

"शुक्रवारी खेळाला येते मी," ती तोंड पुसत म्हणाली. "झग्याला इस्त्री करून ठेवा. देखणा केव्हा येतोय मापाला?"

"येईलच आता, चारला," वहिनी म्हणाली.

"त्यालाही खरं सांगून टाकते," आत्या म्हणाली. "आता बस झालं हे."

"नको हो," धाकटी हसत म्हणाली. "पन्नाशीला आलाय बिचारा. त्याला झेपायचं नाही."

आत्याही हसली. जीव भांड्यात पडल्यासारखं तिला झालं, आणि त्याच भरात ती बोलून गेली, "तुला बरं झेपलं गं!"

धाकटी चपला घालत होती. तिने मान वर करून आत्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, पण हसूही आता नव्हतं.

"मला तेव्हाही झेपलं असतं, आत्या," ती म्हणाली. आणि दार लोटून निघून गेली.