पाण्याचं वजन मोजणारे नाना

आमच्या भाऊबंदकीत लग्नपत्रिका असो की शोकपत्रिका, मजकूर माझ्याकडे येतो. मी लोणखेड्याच्या शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझ्या हातून चूक होणार नाही असा लोकांचा समज आहे. नाना गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटतानाच्या कार्याच्या, पत्रिकेचा मजकूर मी एकटाकी लिहून छापखान्यात दिला आणि संध्याकाळी गठ्ठा घेऊन वहिनींच्या पुढ्यात ठेवला. वहिनींनी वरची पत्रिका उचलली, चष्मा नसल्यामुळे लांब धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. ‘भारतीय नौदलातून सेवानिवृत्त’... नाना नौदलात एक दिवसही नव्हते. माझी बायको सोडली, तर हे घरात तीन माणसांना पक्कं माहीत होतं. त्यातले एक गेले, एक पत्रिका हातात धरून बसल्या होत्या आणि तिसऱ्याने ती लिहिली होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, “भाऊ, आते तरी खरं लिखानं व्हतं.” मी गठ्ठा उचलून परत छापखान्यात गेलो.

या नौदलाचा जन्म माझ्याच तोंडून झालेला आहे. नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. त्यांच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही खांडबाऱ्याला गेलो होतो. नाना स्वतः नव्हते, ते चेन्नईला नुकतेच नोकरीला लागले होते; फक्त फोटो आला होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “पोऱ्या काय करस?” आमच्याकडची मोठी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. समुद्रात यंत्रं सोडतो, असं नानांनी पत्रात लिहिलं होतं. पण तापीकाठच्या माणसाने ते बैठकीत कसं सांगावं? तो माणूस कोळी आहे की मेकॅनिक, असा पुढचा प्रश्न आला असता. मी तेव्हा चोविशीत होतो आणि गप्प बसणं मला आजही जमत नाही. मी म्हणालो, “नेव्हीमा शे.” बैठक सैल झाली, चहा आला, लग्न ठरलं. लग्नानंतर वहिनी चेन्नईला गेल्या तेव्हा त्यांना गणवेश दिसला नाही. त्यांनी विचारलं, नानांनी सांगितलं, दोघं हसले म्हणे. पण गावात आणि सासुरवाडीत नाना नेव्हीवालेच राहिले. नानांनी एक-दोनदा दुरुस्ती करून पाहिली, मग सोडून दिली. गावाला एकदा शिकवलेलं विसरायला लावणं माझ्या शाळेतल्या कुठल्याही विषयापेक्षा कठीण आहे.

त्यांचं काम काय होतं ते मला नीट कळायलाही काही वर्षं गेली. एका सुट्टीत मी सहकुटुंब चेन्नईला गेलो, तेव्हा ते मला बंदरात घेऊन गेले. धक्क्यावर एक मोठा पिवळा बोया काढून ठेवला होता. पोटाला कालवं चिकटलेली, आणि वास असा की आपल्या उकिरड्याला फुलबाग म्हणावं. नाना खरवडणी घेऊन ती कालवं काढत होते आणि मला समजावत होते. हा वर तरंगतो, याच्या खाली खूप खोल, तळावर दुसरं यंत्र बसलेलं असतं. ते डोक्यावरच्या सगळ्या पाण्याचं वजन मोजत राहतं. दूर कुठे समुद्राची जमीन हादरली आणि मोठी लाट निघाली, तर ती तिथून जाताना वजन केसभर बदलतं. तळाचं यंत्र आवाज करून वरच्या बोयाला सांगतं, बोया उपग्रहाला, उपग्रह किनाऱ्यावरच्या खोलीत बसलेल्या माणसांना. मग गावं रिकामी करायला थोडा वेळ मिळतो. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “खाटवर पडेल मानूसले डोया न उघडता समजस ना, पायथाले कोन येईसन बसनं... तसं शे ते.” हे मला समजलं. त्यानंतर त्यांनी मला जहाज दाखवायला वर नेलं आणि धक्क्याला बांधलेल्या, न हलणाऱ्या जहाजावर मला उलटी झाली. त्यांनी तीही साफ केली.

हे बोये बिघडत, पण जास्त करून बिघडवले जात. बोयाच्या सावलीला मासे जमतात, म्हणून मच्छीमार आपल्या होड्या त्यालाच बांधत. ओढाताणीत तारा तुटत. साहेबलोक चिडायचे. नानांना राग येत नसे. ते म्हणायचे, आपल्याकडे विजेच्या डीपीच्या खांबाला म्हैस बांधतात, कोण कोणाला हसणार? ते मोडक्यातोडक्या तमिळमध्ये किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन बसायचे, घरून नेलेलं आपलं लाल तिखट वाटायचे, जेवायचे आणि शेवटी म्हणायचे, की तो बोया तुमच्याच पोरांसाठी जागा राहतो आहे. काहीजण ऐकायचे. बाकीचे जेवण झाल्यावर पुन्हा बांधायचे. नाना पुन्हा जायचे. नोकरीची सगळी वर्षं हेच... बसवा, बिघडलं की काढा, खरवडा, बॅटरी बदला, पुन्हा बसवा. जे येऊ नये त्याची वाट पाहण्याचं काम. शेवटच्या काळात फोनवर विचारलं की म्हणायचे, “दमी गऊ रे सुभाष.” आणि लगेच पिकांबद्दल विचारायचे.

अकरा वर्षांपूर्वी नानांची आई, आमची मोठी माय, चार दिवस अंथरुणावर पडून गेली. नाना त्या वेळी समुद्रात होते. निरोप जहाजावर पोचला होता. ते आले नवव्या दिवशी. त्यांची थोरली बहीण अक्का, म्हसावदला दिलेली, त्या चार दिवसांत आईच्या उशाशी बसून होती. मोठी माय दाराकडे पाहायची आणि अक्का तिला सांगायची, येई ऱ्हायना, येई ऱ्हायना, येतोच आहे. नाना दारात आले तेव्हा अक्का उठून आत गेली आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलली नाही. गावाने तिला साथ दिली. ओट्यावर बसून माणसं सांगायची, “फौजीले माय गयी का तार जास, इमानमा बसाडीसन धाडतस. ह्याले येनंच नव्हतं.” फौजीला सुट्टी मिळतेच, हे खरं आहे. नाना फौजी नव्हतेच, हे मला सांगता आलं असतं. पण मग खांडबाऱ्याची बैठक उघडी पडली असती, वहिनींच्या माहेरी माझी शोभा झाली असती... मी ओट्यावरून उठून घरी यायचो. तेवढंच माझं शौर्य.

दशक्रियेला तापीकाठी प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेलो, तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर नाना माझ्याजवळ बसले. डोक्याचं मुंडण झालेलं, अंगावर ओलं धोतर. पाण्याकडे बघत म्हणाले, “जहाज फिरावता येत व्हतं. कॅप्टन मले इचारी ऱ्हायंता. मीच नही म्हनं.” तळाचं एक यंत्र मुकं झालं होतं. तिथे पोचायला दीड दिवस उरला होता आणि वारा बदलायला आठवडा. परत फिरले असते तर पुढचे काही महिने तिकडे जाता आलं नसतं आणि तेवढ्या किनाऱ्याला कान राहिला नसता. “आठे एक माय जाई ऱ्हायंती... तठे गावंच्या गावं...” तो हिशेब त्यांनी पुरा केला नाही. मग म्हणाले, “बरोबर करं का चूक, मले आजूनबी समजत नही. अक्काले तू सांग. मन्हं ती आयकाव नही. पन जसं शे तसं सांग, तुन्हा मीठमसाला नको.” मी म्हणालो, सांगसू.

अकरा वर्षं मी मनाशी ‘सांगतो, सांगतो’ म्हणत राहिलो. निवृत्त होऊन नाना लोणखेड्याला राहायला आले, तेव्हा मला वाटलं, आता बहीण-भाऊ वीस किलोमीटरवर आहेत, त्यांचं ते पाहून घेतील. दिवाळीला नाना म्हसावदला जायचे, अक्काच्या अंगणात खुर्चीवर बसायचे, भाचे-सुना चहा द्यायचे, अक्का मागच्या दाराने शेतात निघून जायची. परत येताना नाना माझ्या दारात मोटारसायकल थांबवायचे, पण विचारायचे नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. माघात एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. अक्का आली होती. बायकांच्या घोळक्यात अंगणात उभी राहिली, घरात आली नाही आणि उचलायच्या आधीच निघून गेली.

नव्या पत्रिका छापून आल्यावर मी आणि मंगल, म्हणजे माझी बायको, म्हसावदला गेलो. अक्का अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मंगल तिच्या शेजारी बसून देठ खुडू लागली. मला मिरच्यांमुळे शिंका येतात, म्हणून मी लांब खाटेवर. अक्का म्हणाली, “आते काय सांगाले उना?” मी सगळं सांगितलं. खांडबाऱ्यापासून. नेव्ही मी बनवली, नाना कोण होते, बोया काय असतो, तळाचं यंत्र काय करतं. अक्काचे हात चालू होते. मध्येच तिने विचारलं, “मंग त्या यंत्रनी हाक मारी का कव्हय?”

“नही अक्का. नानानं जे यंत्र, त्यानी एकदाबी नही.”

“मंग कसाले ऱ्हायना तो तठे?”

तिचे हात थांबले होते. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती आणि मला नानांचे शब्द लख्ख आठवत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, नानाने कॅप्टनचे पाय धरले, पण त्याने जहाज फिरवलं नाही. “रडना व्हई मंग?” अक्काने विचारलं. “खूप,” मी म्हणालो. अक्काने पदर डोळ्याला लावला, मिरचीच्या हाताने, आणि मग तिला थांबवता येईना. “त्या कॅप्टनना मुडदा पडो,” ती म्हणत राहिली. ज्या माणसाने आपणहून विचारलं होतं, जहाज फिरवू का, त्याला म्हसावदच्या अंगणात बसून अक्काने पोटभर शिव्या दिल्या. मंगल खाली मान घालून देठ खुडत होती. प्रकाशाचं बोलणं तिला मी त्याच दिवशी सांगितलं होतं.

गंधमुक्तीला अक्का सर्वांच्या आधी आली. नानांच्या फोटोसमोर बसली, हार सरळ केला आणि दिवसभर तिथून हलली नाही. वहिनींच्या गळ्यात पडून रडली. माणसं मला म्हणाली, मास्तर, तुम्ही बहीण-भावाला एक केलं. मी पंगतीत वाढत होतो, मान हलवत होतो, आणि बुंदी दोन वेळा एकाच ताटात वाढली.

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनी नानांवर लिहायला सांगितलं, तेव्हा वाटलं होतं की यंत्रांबद्दल लिहावं, लोकांना माहिती होईल. लिहिता लिहिता प्रकाशाच्या पायऱ्या आल्या आणि या वेळी मी त्या जशा होत्या तशाच लिहिल्या. काल सकाळी कागद मंगलला वाचायला दिले. तिने ते चुलीपाशी बसून सावकाश वाचले, शेवटची दोन पानं परत वाचली.

“हाऊच पेपर अक्काना घर बी येस,” ती म्हणाली. “रविवारले नातसून वाचीसन आयकाडस तिले.”

मी म्हणालो, मग कॅप्टनचं तेवढं गाळून टाकतो.

तिने कागद जुळवून माझ्या हातात दिले. म्हणाली, “अक्कानी अकरा वरीस नानावर राग धरा. आते थोडा दिन तुमनावर धरू द्या.”