तिच्या बापानं आणलेला रोबोट

माझे यजमान फौजेत. मुलगी पहिलीत असताना ते सुट्टीवर आले, तेव्हा तिच्या हातातून मोबाईल सुटत नव्हता. ते चिडले नाहीत. सांगलीला जाऊन तिच्यासाठी एक छोटा रोबोट घेऊन आले. कासवासारखा, पिवळा, त्याला स्क्रीन अशी नव्हतीच. पाठीवर बाणांची बटणं. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं असे बाण आधी ओळीनं दाबायचे, मग मधलं बटण दाबलं की तो सांगितल्या वाटेनं चालायचा.

सुट्टी संपली, ते गेले. आष्ट्याच्या आमच्या घरात मग आम्ही दोघीच त्याचं बघायचो. चाकांत केस गुंतले की मी सुईनं काढायची, ती जुन्या टूथब्रशनं धूळ झाडायची. अंगणातल्या मातीत न्यायचा नाही, हा नियम तिचाच. फरशीवर खडूनं रस्ते आखायची. रोबोट भलतीकडं वळला तर रडायची नाही, कुठला बाण चुकला ते बोटांवर परत म्हणून बघायची. एकदा तिनं स्वयंपाकघरातून दोन वळणं घेत, त्याच्या पाठीवर सुपारी ठेवून, तो थेट सासऱ्यांच्या खाटेपाशी पोचवला. सासरे खूश. "लय हुशार हाय गं पोरगी!"

दिवाळीला पुण्याहून थोरले दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा आले. दोघं भावंडं मिळून खेळली. त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. निघायच्या दिवशी सासूबाईंनी रोबोट उचलला आणि दिरांच्या पिशवीत घातला.

"आत्याबाई, तिचा हाय तो," मी सासूबाईंना म्हणाले.

"त्यो इंग्लिश शाळंत शिकतोय, त्याच्या कामाला यील. हिला काय करायचंय?"

"तिच्या बापानं तिच्यासाठी आणलाय."

सासऱ्यांनी पेपरचं पान उलटलं. दीर म्हणाले, "एवढ्याशा खेळण्यावरनं सणासुदीला भांडण कशाला?" मी यजमानांना फोन लावला. "आसू दे. दुसरा धाडतो. आईला दुखवू नको," ते म्हणाले. मुलीला कुणीच काही विचारलं नाही. गाडी गेल्यावर तिनं ओला फडका घेतला आणि फरशीवरच्या रेघा पुसून काढल्या.

उन्हाळ्यात रहिमतपूरला एका लग्नात जाऊ भेटली. मी रोबोटचं विचारलं.

"तो होय? माळ्यावर असेल कुठंतरी. चार्जरच सापडत नाही. आणि आता त्याला टॅब घेतलाय ना!"

मी ताटातली जिलेबी बाजूला सारली.

दुसरा रोबोट पार्सलनं आला. मुलीनं खोकं तसंच कपाटात सारलं.

"उघड की गं," मी म्हटलं.

"कशाला? काका आलं की न्ह्यायचाच हाय."

पुढच्या सुट्टीत यजमानांनीच खोकं फोडलं. चार्ज करून रोबोट फरशीवर ठेवला आणि तिला हाक मारली. ती आली, बसली, पटापट बाण दाबले. रोबोट दोन खोल्या ओलांडून बरोबर दारात थांबला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं ना, पप्पा? ठिवू आत?" एवढं म्हणून ती त्याला खोक्यात घालायला लागली.

ते स्वयंपाकघरात आले. "घरच्यांविरुद्ध तूच भरवलंयस तिच्या मनात," मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती. मी वाटेसाठी भाकऱ्या बांधत होते, बांधत राहिले.