डावीकडचा ब्रेक

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचतेय, कधी साधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर इथले बरेचसे भुताखेतांचे अनुभव वाचून मी मनात म्हणायचे, वायरिंग असेल, वारा असेल, झोप झाली नसेल... म्हणजे आता तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणाल, तेच. (शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी घरात आईकडून शिकलेली. चुका सांभाळून घ्या.)

आमच्या घरात तर या विषयाला जागाच नव्हती. आम्ही बौद्ध, मूळचे अमरावतीकडचे. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या सगळ्यांना बाबा एकच वाक्य सांगत होते, "गेलेला माणूस गेला." आणि मग घरात तिचा विषयच निघेनासा झाला. बाबा काढायचे नाहीत, मीही काढला नाही. आम्ही दोघंही तसेच आहोत.

बाबा सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये होते. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आमची सगळी वर्षं गेली. दिल्लीत क्वार्टर असलेल्या मराठी माणसाच्या घरी हिवाळ्यात काय असतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे. एक कुटुंब स्टेशनवर सोडायचं, येताना दुसरं घेऊन यायचं. सकाळी आई पोळ्या, बटाट्याची भाजी आणि ठेचा डब्यात भरायची, बाबा मारुती काढायचे, आणि मग दाराशी तोच सीन. गाडीत पाच जागा. बाबा, पाहुणे, आणि मी — कारण पाहुण्यांच्या मुलांना सोबत हवी. आई गेटपाशी पदर खोचून उभी.

"तुम्ही जा. मी पाहीन नंतर."

इतक्या वर्षांत तिने दिल्ली नीट बघितलीच नाही. अलीपूर रोडच्या महापरिनिर्वाण स्मारकाला तेवढी वर्षातून एकदा यायची, तेव्हा तिला कोणी थांबवू शकत नसे. तिथून एक रस्ता वर टेकडीकडे जातो. प्रत्येक वेळी ती त्या रस्त्याकडे बघून विचारायची, "वर काय आहे हो?" आणि बाबा दर वेळी सांगायचे, "काही नाही. झाडं नि माकडं." मग पाहुण्यांच्या ट्रेनची वेळ झालेली असायची.

शेवटच्या वेळचं मला सांगायलाच हवं. चुलत भाऊ बायको-मुलांना घेऊन आला होता. त्या दिवशी आई तयार होऊन खाली आली होती. निळी साडी, खांद्याला पर्स. मुलं मांडीवर घेऊन मावलो असतो, पण एका मुलाला गाडी लागते, त्याला खिडकीच हवी. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी आधीच बसले होते, कानात इअरफोन. उतरायला मला पाच सेकंद लागले असते. आई म्हणाली, "बस तू. तुला सुट्टी कुठे मिळते."

मी बसून राहिले. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. दोन दिवसांत. ब्रेन हॅमरेज.

आता ब्रेकबद्दल. भाजी आणायला वगैरे आई कधी गाडीत बसली, तर पुढे, बाबांच्या शेजारी. आणि उतार आला की तिचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जायचा. दोनदा हलकेच, मग एकदा लांब. टप, टप... आणि दाबून धरलेला. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण तो पाय थांबत नसे. बाबा दर वेळी ओरडायचे, "अगं, ब्रेक माझ्याकडे आहे!" आणि ती पाय मागे घेऊन खिडकीबाहेर बघत हसायची. मॅटला त्या जागी चक्क खळगा पडला होता. मारुती जुनी झाली म्हणून भंगारात द्यावी लागली. मला वाटलं, संपलं.

या जानेवारीत बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं, ते नागपूरला काकांकडे जाणार, मी मुनिरकाला खोली घेतलेली. सामान बांधताना माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उघडलं तर मारुतीचं मॅट. एकच, डावीकडचं. मी ते होतं तसं गुंडाळून परत ठेवलं आणि बाबांना काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीने एक मेसेज फॉरवर्ड केला — 'पहाड़ी दिल्ली, प्राइवेट कार टूर, रविवार सुबह'. दिल्ली मुळात डोंगरावर वसलेलं शहर आहे, आपण ते विसरलोय, असं काहीतरी लिहिलं होतं. सगळ्यात शेवटचा थांबा: नॉर्थ रिज, म्हणजे आई विचारायची तीच टेकडी, उतरून अलीपूर रोड. मी लगेच बुक केलं. बाबांना म्हटलं, जायच्या आधी एकदा फिरू. ते म्हणाले, "मला काय बघायचंय आता दिल्लीत?" पण आले.

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेसहा. गेटवर एक पांढरी हॅचबॅक उभी. गाडीही चालवणाऱ्या आणि माहितीही सांगणाऱ्या बाईंचं नाव संतोषजी. पन्नाशीच्या, सलवार-कमीज, पायात स्पोर्ट्स शूज. आधी त्या बायकांना ड्रायव्हिंग शिकवायच्या. शाळा बंद झाली तेव्हा शिकवायची गाडीच विकत घेतली, आणि आता शनिवार-रविवार टूर.

बाबा सवयीने पुढचं दार उघडायला लागले. "पुढे बसतो, पाय लांब करता येतात."

"बाबा, मागे बसा ना."

"का?"

"असंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या रिकाम्या सीटकडे. हातातली कापडी पिशवी ते सीटवर ठेवणार होते, ती परत उचलून घेतली आणि मागे येऊन बसले, पिशवी मांडीवर. मी ड्रायव्हरच्या मागे, ते डावीकडे. मला दोन सीटांच्या फटीतून डावीकडच्या सीटपुढची पाय ठेवायची जागा दिसत होती. आणि तिथे पेडल होतं.

मी विचारलं. संतोषजी हसल्या. "सिखाने वाली गाड़ी है ना बेटा. उधर भी ब्रेक है. उधर दबाओ तो इधर वाला भी साथ में दबता है. बहू सीख रही है, इसलिए निकलवाया नहीं."

धौला कुआँवरून रिजच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कीकरची काटेरी झाडं, मध्ये धुकं. संतोषजी छान सांगत होत्या. नावातच पहाड आहे आणि तरी कोणाला दिसत नाही ते पहाडगंज, जामा मशीद ज्या टेकडीवर उभी आहे ती टेकडी... "सर, आप इतने साल रहे, कभी लगा कि पहाड़ पे रहते हो?"

"नहीं जी, हम तो फाइलों के पहाड़ पे रहे," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी जोक केला होता.

उतार दाखवायची संतोषजींची एक पद्धत होती. रिकामा रस्ता बघून त्या गाडी न्यूट्रलला टाकायच्या आणि दोन्ही पाय वर घ्यायच्या. "अब देखो. मैं कुछ नहीं कर रही. पहाड़ ले जा रहा है." आणि गाडी खरंच आपोआप वेग घ्यायची. मला गंमत वाटली, आणि लगेच वाटलं, आई असती तर किंचाळली असती.

झंडेवालानच्या उतारावर त्यांनी ते पहिल्यांदा केलं. गाडी सुटली, आणि जराशी अडखळली. पुन्हा सुटली, पुन्हा अडखळली. संतोषजी म्हणाल्या, "सड़क खराब है." मीही तेच धरून चालले.

पहाडी धीरजच्या उतारावर पुन्हा तसंच. या वेळी मी फटीतून बघत होते. डावीकडचं पेडल खाली गेलं, वर आलं. खाली गेलं, वर आलं. मग खाली जाऊन तिथेच राहिलं, सावकाश, आणि गाडीचा वेग हळूहळू मरत गेला. संतोषजींनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय सीटजवळ ओढलेले होते. गाडी बाजूला घेऊन त्या उतरल्या, डावीकडचं दार उघडलं, मॅट उचलून बघितलं. बाटली नाही, काही नाही. हाताने पेडल दाबलं, सोडलं. ठीक.

"केबल अटकी होगी," बाबा म्हणाले.

"अटकती तो अटकी रहती ना सर. ये तो दबा, छूटा, दबा, छूटा." त्या परत येऊन बसल्या. "बीस साल ऐसे ही पैडल दबाए हैं मैंने. सिखाने वाला झटके से दबाता है. ये तो जैसे कोई डर भी रहा है और शरमा भी रहा है."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. पिशवीचे बंद त्यांनी बोटाला इतके घट्ट गुंडाळले होते की बोट पांढरं पडलं होतं. त्यांनीही मोजलं होतं, हे मला तेव्हा कळलं. टप, टप... आणि दाबून.

नॉर्थ रिजवर आम्ही उतरून चाललो, तिथला जुना गोल मनोरा बघितला. संतोषजी १८५७चं सांगत होत्या, माझं लक्ष नव्हतं. परत गाडीकडे येताना मी त्यांना हळूच म्हटलं, "आंटी, आगे वाली ढलान पे भी न्यूट्रल करेंगे?"

त्या थांबल्या. "डर नहीं लग रहा?"

"नहीं."

"कौन है, जानती हो?"

मी लांबूनच गाडीच्या पुढच्या सीटकडे बघितलं. त्या माझ्या खांद्याला नुसता हात लावून पुढे गेल्या.

उतार सुरू झाला, तोच रस्ता, खालून अलीपूर रोडवरून वर येणारा. मागेपुढे कोणी नव्हतं. संतोषजींनी न्यूट्रल टाकला, पाय वर घेतले, हात मात्र हँडब्रेकवर ठेवला. गाडी सुटली. वेग वाढला. मी पेडलकडे बघत होते आणि मनात फक्त 'ये ना, ये ना' एवढंच चाललं होतं.

टप. टप.

आणि मग लांब, अगदी तळापर्यंत.

गाडी थांबत होती तेवढ्यात बाबा मागच्या सीटवरून ओरडले, "अगं, ब्रेक माझ्याकडे आहे!"

जुन्या आवाजात. वैतागलेल्या, घरातल्या आवाजात. त्यांच्या हातात स्टेअरिंग नव्हतं, काहीच नव्हतं, मांडीवर पिशवी होती फक्त. मग त्यांनाच ते ऐकू आलं. गाडी पूर्ण थांबली होती.

"क्या बोले सर?" संतोषजींनी हळू विचारलं.

तिथे काहीतरी खास होतं असं लिहायला मला आवडलं असतं. नव्हतं. पडकी भिंत, कीकरची झाडं, भिंतीवर एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून बसलेली, आमच्याकडे बघत. बाबा पुढे वाकले. पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला, जसा माणूस खांद्यावर ठेवतो तसा.

"पाहून घे," ते म्हणाले. "म्हटलं होतं ना. झाडं नि माकडं." थोडं थांबून म्हणाले, "आणायला पाहिजे होतं मी तुला. एवढंसं तर होतं."

मी म्हटलं, "बाबा, मी उतरायला पाहिजे होतं त्या दिवशी. मी बसून राहिले." दीड वर्षात हे मी पहिल्यांदा बोलले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी मी चालवत होतो, मिनू. मी पण कुठे थांबलो."

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पेडल मात्र आपोआप वर आलं, सावकाश. संतोषजींनी डोळे पुसले (भाषा न कळूनही) आणि गिअर टाकला.

यावर मी पुष्कळ विचार केलाय. संतोषजींनी दुसऱ्याच दिवशी गाडी मेकॅनिकला दाखवली. केबल, स्प्रिंग, ब्रेक ऑइल, सगळं नीट. उतारामुळे पेडल खाली जात असेल म्हणावं, तर बहूला शिकवताना त्याच उतारांवर ते कधी गेलं नाही. आमच्या मनाचे खेळ म्हणावेत, तर संतोषजींना आई कोण हेच माहीत नव्हतं. आणि गाडी तर थांबली होती. बाबा अजूनही म्हणतात, गेलेला माणूस गेला. पण नागपूरला जाताना ते मॅट त्यांनी ट्रकमध्ये दिलं नाही. स्वतःच्या बॅगेत नेलं.

त्यानंतर मी ती टूर दोनदा केली. एकटीने, मागे बसून, पुढची सीट रिकामी ठेवून. संतोषजी न सांगता त्या तिन्ही उतारांवर न्यूट्रल करतात. पेडल हललं नाही. दोन्ही वेळा गाडी सरळ खाली अलीपूर रोडपर्यंत घरंगळत गेली, आणि मी एवढी रडले की संतोषजींनी चहा पाजून मेट्रोवर सोडलं.

दुसऱ्या वेळी परत आल्यावर बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "पुढे कोण बसलं होतं?"

"कोणीच नाही."

"मग तू बस की आता पुढे. तिचं पाहून झालं असेल."

मी हो म्हटलं. पण अजून बसले नाहीये.