आत जायची वाट
डिकी उघडली की ओल्या मातीचा आणि रबराचा वास येतो, आणि बाबांचे ते दोन नंबर मोठे गमबूट आठवतात. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या पलीकडे चार एकरांचं छोटं रान विकायला होतं, ते बघायला मी भारतातून तीन महिन्यांसाठी आलेल्या बाबांना घेऊन गेलो होतो. झाडांना कोवळी पालवी होती, खाली निळी फुलं दाटली होती, पायाखालचं शेवाळ गादीसारखं दबत होतं आणि मी तिथल्या तिथे होकार द्यायच्या बेतात होतो. बाबांची मात्र उभी हयात जमीन मोजणीच्या ऑफिसात गेलेली. ते म्हणाले, "झाडं कुठे पळून जात नाहीत. आपण आलो ती वाट कुणाची?" एजंट म्हणाला, शेजारच्या शेतकऱ्याची, पण इट्स ग्रँड, काही काळजी नको, तो कुणाला अडवत नाही. "आज नाही अडवत," असं म्हणून बाबा गमबूट फटफटवत थेट त्या शेतकऱ्याच्या दारात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हाताऱ्याने चहा ठेवला. बाबांनी मोडक्या इंग्रजीत विचारत एका जुन्या पाकिटावर वाटेचा नकाशा काढला, त्याने पेन घेऊन फाटकाजवळचं वळण दुरुस्त केलं. "आधीच्या मालकाने कधी विचारलंसुद्धा नाही," तो म्हणाला, "वाटेच्या हक्काचा कागद वकिलाकडून पाठवा, सही करतो." तो कागद अजून वकिलाकडेच आहे, सही व्हायची आहे. पण बाबा भारतात परतल्यावर काल आम्ही घरचे पुन्हा रानात पोचलो, तर वाटेवरची काटेरी झुडपं कुणीतरी आधीच छाटून ठेवली होती. फोनवर बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "झाडांचं मग सांग. थर्मासमध्ये चहा भरून घे आणि आधी त्या म्हाताऱ्याकडे जा."