अळणी नवस आणि लिथियमची गोळी

पोर झालं आन माझी झोपच उडाली, नुसती बडबड, नुसतं हसणं, दूध गॅसवर ठेवायचं आन गल्लीत पळत सुटायचं. मालक इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला जायचे, त्यांनी खाडा करून मला एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी लिथियमची गोळी दिली. म्हणाले, "भिऊ नको बाय, जुनी गोळी हाय. ही यायच्या आधी असल्या माणसास्नी बांधूनच ठेवायची येळ यायची."

गोळीनं मी माणसात आले. अंगावर पाजायचं तेवढं बंद झालं, पण पोराला न्हाऊ घालाय लागले, भाकरी थापाय लागले. आत्ती, म्हणजे माझी सासू, म्हणाली, गुण देवीचा हाय. तिनं नवस बोललावता, सून बरी झाली तर ती जत्रंपत्तोर अळणी जेवंल, मिठाचा खडा तोंडात घेणार न्हाय. "मोडलास तर पोर हातकणंगल्याला माझ्या लेकीकडं ऱ्हाईल. येड्या बाईच्या मांडीवर नातू ठेवणार न्हाय मी." मी भ्याले आन गप जेवले.

थोड्याच दिसात हात थरथराय लागले, उलट्या, जीभ जड, आन पोर हातातनं निसटाय लागलं ते मालकांनी झेललं. परत डॉक्टर, रक्त तपासलं, सलाईन लावलं. "मीठ सोडलंस काय गं?" मी व्हय म्हटलं तसं त्यांनी कपाळाला हात लावला. मीठ तुटलं की ही गोळी अंगात साठती, तिचं इख हुतंय, म्हणाले. सुरवातीला परदेशात बिनमिठाचं पथ्य करणाऱ्यास्नी मिठाच्या जागी हेच लिथियम दिलं, तवा माणसं अशीच दगावली हायत.

बरं वाटल्यावर गोळी परत चालू झाली. घरी आत्तीनं ताट वाढलं, अळणीच.

"गोळी टाक ती," म्हणाली. "देवी हाय की."

मी उठले, मिठाची बरणी काढली आन तिच्या म्होरं आमटीत चिमूट घातली.

"आत्ती, नवस तुमी बोललासा, तुमीच जेवा की अळणी. मी गोळीबी खाणार आन मीठबी. पोर माझ्याजवळच ऱ्हाणार."

"लाज न्हाय गं तुला?"

"न्हाय. येडी हाय न्हवं मी?"

मालकांना हसू आलं, त्यांनी ते भाकरीत दडवलं. आत्ती ताटावरनं उठली. दुसऱ्या दिवशी रुसून हातकणंगल्याच्या गाडीत बसली, पण एकटीच.