बाजूच्या दारानं

सासऱ्यांनीच तिला वेल्डिंग शिकवलं होतं. नवरा अचानक गेला तेव्हा नातेवाईक म्हणाले, दुकान विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी शटर उघडलं, काळ्या काचेचा मुखवटा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "ठिणगीकडे बघायचं नाही. वितळणाऱ्या लोखंडाकडे बघायचं." पुढची दोन वर्षं ते तिच्या मागे उभे असायचे. टाका वाकडा पडला की फक्त खाकरायचे. आता ती खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिने सगळं करायची, आणि गल्लीतली सगळी तिला वहिनी म्हणायची.

मग मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण उजवा हात आणि पाय काही परत आले नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसून ते दिवसभर रस्ता बघायचे. एक दिवस म्हणाले, "एकदा देवळात जाऊन यावं म्हणतो." दरवर्षी ते एकटेच एका तीर्थाच्या गावी जात आणि सभामंडपात खांबाला टेकून तासभर बसत. देवाकडे काय मागत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

वहिनीनं गाडी ठरवली. देवळापर्यंत सगळं ठीक झालं. पण दारापाशी दगडी पायऱ्या होत्या, जुन्या, उंच, मधोमध झिजलेल्या. रांगेतली चार भली माणसं पुढे आली. "आजोबा, काळजी करू नका," म्हणत त्यांनी खुर्ची उचलली. एकाचा हात सुटला, खुर्ची कलली. मामंजींनी डाव्या हातानं कुणाचीतरी कॉलर धरली. पडले नाहीत, पण भीतीनं त्यांचा पायजमा ओला झाला, आणि तो सगळ्या रांगेनं पाहिला.

"परत चल," ते म्हणाले.

घरी आल्यावर म्हणाले, "आता पुन्हा नाव काढू नकोस. देवाला माझा नमस्कार इथूनच."

"तुमचा नमस्कार तुम्हीच पोचवायचा," वहिनी म्हणाली. "मी कशाला हमाली करू?"

पुढच्या आठवड्यात ती एकटीच बसनं गेली. मुख्य दार सोडून देवळाला वळसा घातला, तर एका बाजूला एक लहान दार सापडलं. तिथे पायऱ्या कमी होत्या आणि गर्दीही. पिशवीतून टेप काढून ती गुडघ्यांवर बसली. जवळून जाणाऱ्या म्हातारीनं थांबून विचारलं, "नवस बोललीस का गं?"

"तसंच समजा," म्हणत वहिनीनं पायरीची उंची हातावर पेननं लिहिली.

दुकानात आल्यावर तिनं चौकोनी पाइप कापले, चौकट जोडली, वर खरबरीत पत्रा बसवला. लोखंडी उतार तयार झाला. गाडीत मावावा म्हणून तिनं तो आखूडच ठेवला होता, आणि तिथेच ती चुकली. दुकानातल्या जुन्या फिटरकाकांना खुर्चीत बसवून तिनं वर ढकललं, तशी पुढची चाकं हवेत गेली आणि काका मागे गोणपाटांवर आडवे झाले.

"वहिनी," ते पडल्या पडल्या म्हणाले, "मला देवदर्शनाची एवढी घाई नाही."

तिनं सगळं मोडलं. पुन्हा कापलं. या वेळी उतार चांगला लांब केला. मधे बिजागऱ्या लावल्या, म्हणजे घडी होऊन गाडीत जाईल. सांध्याखाली पाय दिला, म्हणजे मधे वाकणार नाही. दगडाला ओरखडा येऊ नये म्हणून खाली जाड रबर चिकटवलं. मामंजी दारातून सगळं बघत होते. चौथ्या दिवशी ते खाकरले. तिनं वळून पाहिलं.

"डावीकडची बिजागरी," ते म्हणाले. "टाका कच्चा आहे."

तेव्हाच तिला कळलं, ते येणार.

दोघं उतार घेऊन बाजूच्या दाराशी पोचली. देवळाचे व्यवस्थापक जाडजूड, घामाघूम झालेले गृहस्थ होते. त्यांनी उताराकडे बघून मान हलवली. "समितीची परवानगी लागते, ताई. बैठक पुढच्या महिन्यात आहे."

"बरं. आम्ही बसतो."

"पुढच्या महिन्यापर्यंत?"

"डबा आणलाय," वहिनी म्हणाली आणि मामंजींच्या शेजारी पायरीवर बसली.

व्यवस्थापक आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले. दगड फुटेल का, विचारलं; तिनं रबर दाखवलं. पुन्हा आत गेले, पुन्हा आले. लोकांची वाट अडेल का? "दुपारी या दाराशी कुणी नसतं. मागच्या खेपेला बघून गेलेय." त्यांनी रुमालानं मान पुसली.

"माझ्या आईलाही मी गेली तीन वर्षं आणलेलं नाही," ते एकदम म्हणाले. मग जरा दम घेऊन, "लावा. पण आधी मी चढून बघणार."

ते चढले. मधोमध थांबून दोन उड्या मारल्या. लोखंड जरासं कुरकुरलं, हललं नाही. त्यांनी स्वतः दाराची दोन्ही कवाडं उघडून धरली.

वहिनीनं खुर्चीची मूठ धरली, तोच मामंजी म्हणाले, "हात लावू नकोस."

डाव्या हातानं त्यांनी चाक फिरवलं. एका हातानं खुर्ची सरळ जाईना, वाकडी व्हायची. मग ते डाव्या पायाच्या टाचेनं रेटा देऊन ती सरळ करायचे. वहिनी मागे चालत होती, दोन्ही तळवे मुठींच्या अगदी जवळ, पण न टेकवता. अर्ध्यावर त्यांचा श्वास चढला. कपाळावरची शीर फुगली.

"आता लाव," ते म्हणाले.

उरलेला चढ दोघांनी मिळून चढला.

गाभाऱ्यासमोर मामंजींनी हात जोडायला घेतले. उजवा उठेना. वहिनी तो उचलायला वाकली, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि डावा हात मांडीवरच्या उजव्या हातावर नेऊन ठेवला.

"तू नमस्कार केलास?" त्यांनी विचारलं.

"मी ब्रेककडे बघत होते."

"ब्रेक मी धरतो. तू कर."

तिनं डोळे मिटले. काय मागायचं ते सुचेना. सुचायच्या आधीच डोळे भरून आले, आणि मामंजींनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

बाहेर आले तर एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडलांना घेऊन उताराशी थांबलेली. वहिनीनं काही न विचारता त्यांना वर नेलं. व्यवस्थापकांनी वहिनीला बाजूला घेतलं. "बैठक होईपर्यंत हा इथेच राहू दे. समितीला दाखवायला काहीतरी हवं."

"नाही राहणार," मामंजी खुर्चीतून म्हणाले. "कडेला पट्टी नाही. एखाद्याचं चाक खाली जाईल. आधी दुकानात नेऊन पुरा करू, मग आणू."

रविवारी पट्टी लावलेला उतार त्या दारात बसला. समितीत वाद झाला म्हणे, दोघं-तिघं विरोधात होते, पण व्यवस्थापकांनी बैठकीआधीच आपल्या आईला त्यावरून आत नेलं होतं.