ताजुद्दीन मिस्त्रींनी पुरलेला पत्रा

लोणावळ्यात वीज आधी बंगल्यांत आली, आणि त्यातल्या निम्म्या बंगल्यांत ती ताजुद्दीन मिस्त्रींच्या हातून आली. तरुणपणी ते धरणाच्या कामावर खांब उभे करायला गेले होते. तिथेच तारा ओढायला शिकले आणि पुढे तोच धंदा झाला. अंगाने काटकुळे, बोलायला मिश्कील. कुठलंही नवं यंत्र बसवलं की त्याच्या धातूला ते आधी उलटा हात लावून बघायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तळवा लावला आन् विजेनं धरलं तर मूठ मिटते, सुटत न्हाई. उलटा हात आपोआप मागं येतो. मी सासुरवाडीतबी असाच शिरतो."

त्यांची थट्टा अशीच असायची. लोकांना ती आवडायची, आणि लोकांना आवडते हे त्यांनाही ठाऊक होतं.

सन सदतीसच्या आश्विनात तुंगार्लीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात त्यांनी पाणी तापवायची विजेची टाकी बसवली. मालक मुंबईचे शेठ. ते दिवाळीत आणि मे महिन्यात येत, एरवी बंगला राखायला बेडसे गावचा कोंडाजी आणि त्याची बायको नंदाबाई. मागच्या अंगाला त्यांची एक खोली होती. त्यांना पाच महिन्यांची मुलगी होती. आधीची दोन मुलं जगली नव्हती.

टाकी लोखंडी. आतली तार कधी उघडी पडली तर सगळ्या टाकीत वीज उतरणार आणि ओल्या अंगाचा माणूस तिला चिकटणार. म्हणून टाकीपासून एक जाड तार जमिनीत न्यायची, म्हणजे वीज माणसाला सोडून मातीत जाते. याला मिस्त्री लोक अर्थिंग म्हणतात. लोणावळ्याचा मुरूम उन्हाळ्यात भाजलेल्या विटेसारखा कोरडा होतो आणि कोरडी माती वीज घेत नाही. त्यासाठी खोल खड्डा करून तांब्याचा पत्रा उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि खडेमीठ थराथराने भरायचं आणि वरून पाणी घालत राहायचं. जमिनीतल्या नळांना आणि भिंतींना सांभाळून जागा शोधता शोधता मिस्त्रींना ती कोंडाजीच्या खोलीच्या भिंतीमागेच सापडली.

नंदाबाई मुलीला कडेवर घेऊन बघत उभी होती. टोपलीतला काळा कोळसा, पांढरं मीठ, हातभर तांब्याचा पत्रा.

"मिस्त्री, ह्ये काय पुरताय?"

मिस्त्री खड्ड्यात छातीभर उभे होते, घामाघूम. त्यांनी मान वर करून डोळे मिचकावले. "भूत पुरतोय, वहिनी. बंगल्यातलं भूत या तारंवरनं येनार आन् हितं बसनार."

ती हसली नाही. मिस्त्रींच्या ते ध्यानात आलं नाही. जाताना त्यांनी कोंडाजीला मात्र नीट बजावलं, "दर सोमवारी दोन घागरी पानी. चुकायचं न्हाई."

दिवाळीनंतर दहा दिवसांत मुलगी तापाने गेली.

पुढे मे महिन्यात शेठची मंडळी आली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकी महिपती न्हाणीघरात गेला, ओल्या हाताने टाकीची तोटी धरली आणि तिथेच चिकटला. कुणीतरी मुख्य खटका पाडला म्हणून वाचला. पण उजव्या हाताचा तळवा पार जळाला होता आणि बोटं आखडली होती.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. टाकीतली तार उघडी पडली होती. त्यांनी दिवा जोडून जमिनीत जाणारी तार तपासली, दिवा पेटेना, म्हणजे वीज मातीत जातच नव्हती. मग सगळ्यांसमोर खड्डा उकरला. मीठ नाही, कोळसा नाही, पत्रा नाही. तारेचं तुटकं टोक ओल्या मुरमात नुसतं लोंबत होतं.

शेठचे दिवाणजी काठी टेकत काठावर आले. "तांबं कुठं गेलं, मिस्त्री? का घातलंच नव्हतं?"

"घातलं होतं, साहेब. कोंडाजीनं बघितलंय."

"व्हय, म्या बघितलंय," कोंडाजी रडकुंडीला आला होता. "दर सोमवारी दोन घागरी वतलंय म्या. देवाच्यान, एक सोमवार चुकला न्हाई!"

रिकाम्या खड्ड्याला महिनोन्महिने पाणी घालणाऱ्या त्या माणसाकडे बघून मिस्त्रींना भडभडून आलं.

"म्हणजे घालून मागाहून काढलंत," दिवाणजी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत सांगा. नाहीतर खंडाळ्यापर्यंतच्या सगळ्या बंगल्यांत निरोप जाईल."

बंगल्यातलं झाडून सगळं माणूस खड्ड्यात डोकावून गेलं होतं. एकटी नंदाबाई आली नव्हती. ती खोलीच्या उंबऱ्यात पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. ताटात एक खडा उरला नव्हता तरी निवडत होती. दिवाणजी आत गेल्यावर मिस्त्री हळूच तिच्याजवळ गेले.

"वहिनी, पत्रा कुटाय?"

तिने मान वर केली नाही. "इंद्रायनीत. पोर गेल्यावर, घरधनी भातकापनीच्या मजुरीला बेडशाला गेलतं तवा. तीन दिस उकरत हुते. समदं पाटीत भरून न्हेलं आन् व्हात्या पान्यात सोडलं, खड्डा मुरमानं बुजवला." मग आवाज चढला. "तुमीच म्हनलावता ना, भूत हितं बसनार? माज्या भितीला? तांब्याचा पत्रा, मीठ, कोळसा! आवं, करनी करतानाबी ह्येच पुरत्यात. माजी पोर पाळन्यात हुती भितीच्या अलीकडं!"

मिस्त्रींनी जन्मभर तारा ओढल्या, पण कोळसा-मीठ बाईमाणसाला कसं दिसेल हे कधी मनात आलं नव्हतं. एक वाक्य नीट सांगितलं असतं तर पुरलं असतं.

"घरधन्यास्नी म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "कळलं तर दिवाणजी हाकलत्यात. बेडशाला काय हाय आमचं? दिरानं दारात उभं केलं न्हाई."

"दिवाणजीला मी सांगनार न्हाई," मिस्त्री म्हणाले. "पर महिपतीला कळायला पायजे. हात त्याचा गेलाय."

 तिने ताट खाली ठेवलं आणि डोक्यावरून पदर घेतला.

दवाखान्यात महिपती पडून होता, हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. मिस्त्रींना बघताच त्याने तोंड भिंतीकडे केलं. "ताजूभाई, किती तांबं हुतं वो त्ये? माज्या हातापरीस म्हाग?"

 नंदाबाईच पुढे झाली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. महिपतीने ऐकून घेतलं. म्हणाला, "माज्या भितीला मीठ-कोळसा पुरलेला दिसला असता तर म्याबी उकरला असता." मग गुंडाळलेला हात उचलून दाखवला. "पर आता भाकरी थापू कशानं, त्ये सांग."  दोघं निघताना तो एवढंच म्हणाला, "दिवाणजीस्नी माज्याकडनं कळनार न्हाई. एका हातापायी दोन घरं कशापायी बुडवायची?"

शुक्रवारी मिस्त्री दिवाणजींसमोर उभे राहिले. "खड्डा माझा, चूक माझी. पुरलं ते कशासाठी, हे घरच्यांना सांगितलं नाही."

"आणि तांबं?"

"तांबं मी घेतलं नाही. याउपर बोलणार नाही."

दिवाणजींनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला. मेअखेर तुंगार्लीपासून खंडाळ्यापर्यंत मिस्त्रींना एकाही बंगल्याचं बोलावणं येईनासं झालं. बाजारातले दोन चिक्कीवाले आणि रेल्वेच्या चाळीतली किरकोळ कामं तेवढी राहिली. आता कुठेही खड्डा घ्यायचा झाला की ते आधी घरातल्या बायकांना ओट्यावर बोलवायचे आणि पत्रा, कोळसा, मीठ कशासाठी ते सावकाश, थट्टा न करता सांगायचे. काही बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांनी ऐकलेला मिस्त्री हा नव्हता.

एका दुपारी बाजारातून परतलेली खतीजा, त्यांची बायको, चुलीशी बसता बसता म्हणाली, "भाजीवालीनं आज तोंडावर इचारलं, तुमच्या नवऱ्यानं तांबं इकलं व्हय म्हनून. म्या काय सांगू?"

"ज्याचा हात गेला त्याला कळलंय, खतीजा."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "त्यो येक जन झाला. आन् बाकीचं लोनावळं?"

मिस्त्रींनी ताट पुढे ओढलं. भाकरी मोडून त्यांनी पहिला घास घेतला.